धुवून आणलेली बाटली

बाबल्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला तेव्हा मथुरा एका गिऱ्हाइकाला आमसुलं बांधून देत होती. तिला वाटलं, हा नेहमीसारखा पाणी प्यायला आला असेल. बाबल्या म्हणजे सड्यावरच्या, वरच्या कातळपठारावरच्या, आंब्याच्या बागेतला राखणदार. खाली शहरात उतरला की मथुराकडे तांब्याभर पाणी पिऊन, इकडच्या तिकडच्या गप्पा ठोकून मगच पुढे सरकायचा. पण आज त्यानं पाणी मागितलं नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत खांबाला धरून उभा राहिला, आणि मग इतक्या हळू बोलला की मथुराला पुढे वाकावं लागलं.

"वयनी, काल आमची राही बाटल्या घेऊन आलती?"

"आलती की. रिकाम्या देऊन एक भरलेली घेऊन गेली. का रे?"

"त्यात एक बाटली माजी व्हती."

"अरे, सगळ्या तुझ्याच घरच्या ना?"

"तसं नाय वयनी." बाबल्यानं रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. "तिच्यात तुडतुड्यांचं औषद व्हतं."

आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले की जे फवारतात ते काय असतं, हे रत्नागिरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फवारणारे नाकातोंडाला फडकं बांधतात, आणि तरीही संध्याकाळी डोकं धरून बसतात. हिवाळ्यातल्या फवारणीतून उरलेलं थोडं औषध बाबल्यानं खाटेतल्या ढेकणांसाठी म्हणून बाजूला काढलं, आणि हाताला काय लागली तर मथुराच्याच सरबताची रिकामी बाटली. ती त्यानं घराच्या वाशामागे दडवून ठेवली. राहीला, म्हणजे बायकोला, बोलला नाही, कारण बोलला असता तर तिनं बाटलीसकट त्याला घराबाहेर काढलं असतं. मग मालकाच्या आंब्याच्या पेट्यांबरोबर तो कोल्हापूरला गेला, आज सकाळी परतला, वाशामागे हात घालून बघतो तर बाटली नाही.

"राहीला सांगितलंस काय होतं त्यात?"

"नाय. बाटली कुटं हाय म्हनून इचारलं. वयनीला दिली म्हनाली, तसा पळत आलू."

"किती होतं आत?"

"बुडाशी व्हतं. जास्त नाय. पन ते जास्त लागतच नाय, वयनी." त्यानं बोटानं हवेत फुली काढून दाखवली. "बुडाला फुली मारलीय मी दगडानं. वळकायला येईल."

मथुरानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्याला घेऊन मागच्या पडवीत धावली.

या बाटल्यांवरच तर तिचं सगळं नाव झालं होतं. नाहीतर कोकमाचं सरबत कोकणात कोण करत नाही? पण ही बाई काही म्हणजे काही फुकट जाऊ द्यायची नाही. सालांचं सरबत नि आमसुलं, बियांचं मुठेल तेल, उरलेला चोथा माडाच्या बुंध्यात, चुलीला नारळाची सोडणं. एक व्यापारी सांगायला आला, बाई, आता प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा, हलक्या असतात, फुटायची धास्ती नाही. तिनं त्याला मांडवीच्या किनाऱ्यावर नेलं, भरतीनं आणून टाकलेल्या पिशव्या दाखवल्या आणि म्हणाली, ह्या आधी घेऊन जा, मग नव्या आणा. तो व्यापारी पुन्हा काही फिरकला नाही.

मथुराचा नवरा आत्माराम दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यानं मोकळी भिंत दिसली की निळ्या रंगात लिहून ठेवलं होतं, 'मथुरा सरबत. बाटली धुवून आणा, भरून न्या.' त्यातलं 'धुवून आणा' हे मथुराचं डोकं. मे महिन्यात नळाला पाणी यायचं ते उपकार केल्यासारखं. सगळ्या बाटल्या हिनं एकटीनं घासायच्या म्हटलं तर विहिरीचा तळ दिसायचा. त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपापली बाटली घरच्या घरी खळबळली तर कुणाचं काय बिघडतं? लोकांनाही ते पटलं. बायका तर अशा चढाओढीनं बाटल्या लख्ख करून आणायला लागल्या, जणू मथुरा त्यांची सासूच लागून गेली होती. मथुरा प्रत्येक बाटली नाकाशी धरायची. घासलेटाचा नाहीतर फिनेलचा वास आला की ती बाजूला, बाकीच्या उकळत्या सोड्याच्या पाण्यातून काढून मग भरायच्या, असा तिचा शिरस्ता होता.

काल राहीच्या बाटल्यांना नुसता राखेचा वास आला होता. त्या उजेडात धरून मथुरा म्हणालीसुद्धा होती, "राही, तुझ्यासारखी धुणारी अख्ख्या रत्नागिरीत नाही गो." राही लाजून हसली होती. आणि घरात पाण्याची बोंब होती म्हणून मथुरानं त्या चकचकीत बाटल्या सोड्यात घातल्याच नाहीत, नुसत्या विसळल्या आणि भरल्या.

पडवीत जेवढ्या बाटल्या होत्या तेवढ्या दोघांनी उलट्या करून पाहिल्या. फुली कुठे दिसेना. कालच्या बहुतेक सगळ्या संध्याकाळीच गेल्या होत्या. काही एसटी स्टँडवरच्या टपरीत, काही घरोघर, काही मुंबईला परत निघालेल्या चाकरमान्यांच्या पिशव्यांत. मथुराला एकेक चेहरा आठवायला लागला, आणि प्रत्येकाच्या मागे एखादं पोर दिसायला लागलं, पेला पुढे करून उभं असलेलं.

आवाज ऐकून आत्माराम आला. सगळं ऐकून त्याचाही चेहरा उतरला, पण त्यानं स्वतःला सावरलं.

"राहीनं राखेनं घासली ना? वर तू विसळलीस. मग काय राहतंय काचेला?"

"आणि राहिलं असलं तर?"

"हे बघ, आपण हळूच ओळखीच्या घरी जाऊन बाटल्या बदलून आणू. तू रस्त्यात बोंब मारलीस तर उद्यापासून या दारात कुत्रंही फिरकायचं नाही. एवढी वर्षं भिंती रंगवल्या त्या काय यासाठी?"

खोटं कशाला बोला, क्षणभर मथुरालाही ते बरं वाटलं. हळूच जावं, हळूच बदलावं, कुणाला कळू नये. पण चाकरमान्यांना ती कुठं ओळखत होती? आणि टपरीवरून कोण काय घेऊन गेलं ते टपरीवाल्याला तरी कुठं ठाऊक असणार? काचेला विष चिकटून राहतं की धुवून जातं हे सांगणारं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं. ती चपला घालून गफूरकडे निघाली, मागोमाग बाबल्या.

गफूरच्या रिक्षावर भोंगा होता. जत्रा, नाटक, सेल, काहीही असो, रत्नागिरीत ते गफूरच्या तोंडून कळायचं. मथुराच्या सरबताचा गजरही त्यानंच करून शहरभर नेला होता. तेव्हा रमजान चालू होता, वैशाखाचं ऊन आणि गफूरच्या घशाला सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. तरी त्यानं मथुराचं तोंड बघून एक प्रश्न विचारला नाही, फक्त म्हणाला, "बस, मथुराबाय."

पहिल्या नाक्यावर त्यानं सवयीनं आपल्या चालीत सुरुवात केली, "बंधू आणि भगिनींनो, मथुरा सरबत..." तशी ओट्यावरच्या बायका हसल्या, एकीनं हातही हलवला. त्यांना वाटलं, जाहिरातच आली. मथुरानं त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

"मी मथुरा बोलत्ये. काल संध्याकाळपासून माझं सरबत ज्यांनी ज्यांनी नेलंय त्यांनी ते पिऊ नका. एका बाटलीत आधी फवारणीचं औषध होतं. भरलेली असो, अर्धी असो, बाटली मला आणून दाखवा. पाया पडते, कुणी पिऊ नका."

ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मथुराला बरं नाही वाटलं, पण जीव थोडा हलका झाला.

मग दिवसभर तेच. आळीआळीतून रिक्षा जायची, मागून लोक बाटल्या घेऊन धावत यायचे, मथुरा बाटली हातात घेऊन उलटी करायची. कुणी धीर दिला, कुणी तोंडावर वाभाडे काढले. एक म्हातारी म्हणाली, "म्हणून सांगत होते, दुसऱ्याच्या घरची बाटली घेऊच नये." एका बाईचं पोर सकाळपासून ओकत होतं हे ऐकून तर मथुरा धावतच तिच्या घरी गेली. पण तिची बाटली आठवड्यापूर्वीची निघाली, आणि पोरानं मिठाबरोबर कैऱ्या खाल्ल्या होत्या ढीगभर. मथुरा त्या घराच्या पायरीवर बसून रडली आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा रिक्षात चढली.

स्टँडवर मुंबईची गाडी सुटायच्या बेतात होती. बाबल्या सरळ गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर शिव्या घालत होता, कंडक्टर घंटी वाजवत होता, आणि मथुरा आत जाऊन हात जोडून एकेकाला पिशव्या उघडायला लावत होती. काहींनी कुरकुरत उघडल्या. फणसाच्या वासात, आंब्यांखाली, साड्यांच्या घड्यांत तिच्या बाटल्या होत्या. फुलीची एकातही नव्हती. सकाळची गाडी मात्र केव्हाच गेली होती. ती एव्हाना घाट चढून पार पुढे गेली असेल, खिडकीशी बसलेल्या कुणीतरी ऊन लागतंय म्हणून बाटली फोडली असेल, हे मथुराच्या मनातून जाता जाईना.

"आता काय?" गफूरनं विचारलं. त्याचा आवाज पार बसला होता.

"राजिवडा राहिलाय," मथुरा म्हणाली.

राजिवड्यात खाडीच्या बाजूला खतिजाचं घर. तिचा नवरा आखातात, घरात सासू आणि लेकी. भोंगा ऐकून खतिजा दाराबाहेर आली ती बाटली हातात घेऊनच. बूच शाबूत होतं. मथुरानं बाटली घेतली, उलटी केली, आणि तिला आधी काही दिसलंच नाही, डोळ्यांसमोर इतकं पाणी होतं. बाबल्यानं बोट लावून दाखवलं. दगडानं ओरखडलेली वेडीवाकडी फुली.

"हीच वयनी! हीच!"

"रोजा सोडायला आणलेली," खतिजा म्हणाली. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. "पोरी दुपारपासून मागं लागल्यान, थंड करून ठेव, थंड करून ठेव. रोजे नसते तर मथुराबाय, जेवतानाच फोडली असती."

मथुरानं तिला मिठीच मारली. खतिजाची सासू आतून काहीतरी दुवा पुटपुटत होती. बाटली मथुरानं पदरात गुंडाळली. घरी नेऊन खोल खड्ड्यात पुरायची, काच फोडायचीही नाही, असं तिनं ठरवलं. दिवसभरात पहिल्यांदाच तिला तहान लागल्याचं जाणवलं, पण गफूरच्या देखत पाणी मागायची लाज वाटली.

परत निघताना ती म्हणाली, "चल, बाबल्याला वर सोडून येऊ. बिचारा सकाळपासून उपाशी आहे. आणि राहीला मीच सांगेन, नाहीतर हा आणखी वर्षभर सांगायचा नाही."

"वयनी, जरा गोडीत सांगा," बाबल्या म्हणाला. "ती जीव खाईल माजा."

"खाऊ दे. खाण्यासारखंच केलंस तू."

गफूर हसला. बाबल्याही हसला. रिक्षा चढावर धापा टाकत होती, खाली समुद्र लाल व्हायला लागला होता, आणि तिघंही उगाच मोठमोठ्यानं बोलत होते. उद्या दुकानात कोण येईल, येईल की नाही, याचाही विचार मथुराला सतावत नव्हता. कुणी मेलं नाही, यापलीकडे तिला काही नको होतं.

रस्ता संपला तिथून पुढे कातळावरून पायवाट. बाबल्याचं घर बागेच्या कडेला, दोन खोल्यांचं. अंगणात शिरतानाच मथुराला मसाल्याचा वास आला. पायाखाली पिसं होती, तांबडी, काळी, वाऱ्यानं उडून सगळीकडे झालेली.

राही चुलीशी होती. आवाज ऐकून पदर खोचत बाहेर आली.

"आलाव एकदाचे! आनि वयनी पन? बसा, बसा. बरं झालं, आज कोंबडी हाय."

"कोंबडी कसली मध्येच?" बाबल्यानं विचारलं.

"मर लागली वो. दुपारपास्नं एकेक तडफडून पडाय लागली. दोन तर बगता बगता ग्येली. मंग म्हटलं, बाकीच्या मरायच्या आदी कापलेल्या बऱ्या. पोरांच्या तरी पोटात जातील."

साथ आली की कोकणात असंच करतात. मरणारी कोंबडी फुकट घालवायची नाही. मथुरालाही यात काही वावगं वाटलं नसतं, पण तिची नजर घरामागच्या केळीकडे गेली. केळीच्या आळ्यात, एवढ्या सुक्या कातळावर तेवढीच काय ती ओल होती, आणि त्या ओलीत एक कोंबडी पाय ताठ करून पडली होती.

"राही," ती म्हणाली, "काल बाटल्या धुतल्यास ना, ते पाणी कुठं ओतलंस?"

"कुटं म्हंजे? केळीत." राहीला प्रश्नच कळला नाही. "एका बाटलीत काय चिकट बसलं व्हतं, घासलेटावानी वास येत व्हता. तीनदा राख घालून हलवली. पानी काय वाया घालवायचं वयनी, डोकीवरनं आनायचं ते? सगलं केळीत. त्या मेल्या कोंबड्या उनाच्या तितंच तर बसतात चोच घालून."

बाबल्या बाणासारखा आत घुसला. टोप उलटल्याचा आवाज आला, रस्सा चुलीत सांडून जाळ फसफसला. राही ओरडली, "अवो, याड लागलं काय तुमाला!"

"पोरांनी खाल्लं?" मथुरानं तिचे दोन्ही दंड धरले. "राही, बोल. पोरं जेवली?"

"नाय वो. बापासाटी थांबलीत. त्यो आल्याबिगर कवा जेवतात?" राही आता घाबरली होती, का ते न कळताच घाबरली होती. "फकस्त सदू भूक भूक करून रडत व्हता, म्हनून त्याला तेवडं काळीज भाजून दिलं निखाऱ्यावर."

सदू त्यांचा धाकटा. घरात कोंबडी कापली की काळीज धाकट्याचं, हे ठरलेलंच. तो पडवीत खांबाला टेकून बसला होता, झोप आल्यासारखा. मथुरा त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "सदू, ए राजा." त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा एक हात आपोआप झटकला गेला. मग पुन्हा.

बाबल्यानं त्याला उचललं आणि कातळावरून धाव ठोकली. मागून राही, मागून मथुरा. थोरल्या दोघी पोरी अंगणात उभ्या राहून रडत होत्या, त्यांना हाताला धरून आणायचंही कुणाला सुचलं नाही, मग मथुरा अर्ध्या वाटेतून परत जाऊन त्यांना घेऊन आली. गफूरनं रिक्षा आधीच वळवून ठेवली होती. उतारावर खालून मगरीबची अजान ऐकू आली. रोजा सुटला होता, पण गफूरनं शेजारच्या बाटलीतल्या पाण्याला हात लावला नाही, रिक्षाही कुठे थांबवली नाही.

रिक्षात पोर राहीच्या मांडीवर होतं. राही बाबल्याला विचारत होती, "काय झालंय? कुनीतरी सांगा मला काय झालंय." बाबल्यानं सदूचे पाय धरून ठेवले होते. शेवटी मथुरानंच सांगितलं, सगळं, वाशापासून फुलीपर्यंत. राहीनं ऐकून घेतलं. ती बाबल्यावर ओरडली नाही. तिनं सदूचं अंग जास्त घट्ट धरलं, म्हणजे झटके जाणवायचे थांबतील.

मथुराला आठवत होतं, दिवसभर ती कुणाकुणासाठी घाबरली होती. टपरीवरच्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी, एसटीतल्या चाकरमान्यासाठी, खतिजाच्या पोरींसाठी. जिनं बाटली धुवून आणली तिच्या घरचं कुणी तिच्या डोळ्यांपुढे एकदाही आलं नव्हतं. बाटली धुवून आणा, हे तिनं शहरभर लिहून घेतलं होतं, पण धुतलेलं पाणी कुठं जाईल हे तिनं कधी स्वतःला विचारलंही नव्हतं.

सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, काय खाल्लं आणि कशातून आलं. औषधाचं नाव बाबल्याला पाठ होतं. "कशातून आलं ते कळलं म्हणून बरं," ते म्हणाले आणि पोराला आत घेऊन गेले. पोरींना तपासून बाहेर बसवलं, त्यांना काही झालं नव्हतं. बाबल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर पायरीवर गफूरनं कुणाकडून तरी एक खजूर मागून घेतला.

राही बाकावर मथुराच्या शेजारी बसली होती. तिच्या नखांत अजून राख होती. त्याच हातांकडे बघत ती म्हणाली,

"वयनी, माज्याकडनं बाटली नीट धुतली ग्येली नाय काय?"

मथुराला रडू फुटलं. "धुतलीस गो. लख्ख धुतलीस," ती म्हणाली.

आत सदू रडायला लागला की दोघींच्या जिवात जीव यायचा. तो गप्प झाला की दोघीही उठून दाराशी जायच्या.